४० घोडे जात होते कुठे?

माझी होडी १६ फुटी, फायबरची. मागे ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून लावलेलं इंजिन. पहिल्या वर्षी मी एकटा असलो की जीपीएसवर २४ नॉट (ताशी सागरी मैल) सहज दिसायचे. या मोसमात पूर्ण थ्रॉटल देऊनही १६ च्या पुढे जाईना. नाक वर करून पाणी ढकलत राहायची, प्लेनवर यायला, म्हणजे वेग घेऊन पाण्यावर उचलून सरकायला, कितीतरी वेळ लावायची. फार वाईट वाटायचं.

मी थेट इंजिनावरच संशय घेतला. प्लग बदलले, फ्युएल फिल्टर बदलला, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना तेही पाहिलं. फरक शून्य. दोन रविवार त्यातच गेले.

खरं तर आधी आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, बघायला हवे होते. मॅन्युअल सांगतं, पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६०००. माझे ४४००. इंजिन आपली पूर्ण ताकद त्या पट्ट्याच्या वरच्या भागात देतं, ४४०० वर ४० घोडे मिळतच नाहीत. शिवाय असं दाबून चालवणं म्हणजे टॉप गिअरमध्ये घाट चढवणं. इंजिनावर ताण येतो, आत कार्बन धरतो.

मग इंजिनाचं कव्हर काढलं. इंजिन बंद, ते चुकून सुरू होऊ नये म्हणून सेफ्टी कॉर्ड काढलेली. मित्र पुढे लिव्हरपाशी, मी मागे. (बंद इंजिनात गिअर पडायला पंखा, म्हणजे प्रोपेलर, हाताने जरा फिरवावा लागतो.) त्याने लिव्हर पूर्ण पुढे ढकलली, तरी इंजिनावरचा थ्रॉटलचा हात शेवटच्या स्टॉपला टेकेना. मध्ये चांगली ४ मिलिमीटरची फट! केबल ढिली पडली होती. ती नीट लावली आणि ४७०० आरपीएम, १७ नॉट मिळाले. थोडं सुधारलं, पण २४ अजून लांबच.

इथे एका साध्या गणिताने वाट दाखवली. आरपीएमला पंख्याच्या पिचने, म्हणजे तो एका फेऱ्यात न घसरता जितके इंच पुढे जाईल त्याने, गुणायचं, गिअर रेशोने (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) भागायचं आणि नॉटमध्ये उत्तर येण्यासाठी पुन्हा १२१५ ने भागायचं. पंखा अजिबात न घसरता पाणी कापत गेला तर किती नॉट मिळतील ते येतं. माझं पिच १२, रेशो २. पूर्वी ५६०० आरपीएमला हिशेब २७.७ नॉटचा आणि प्रत्यक्षात २४, म्हणजे घसर १३ टक्के. आता ४७०० ला हिशेब २३.२ चा आणि मिळतात १७. घसर २७ टक्के!

घसर दुप्पट आणि आरपीएमही कमी, म्हणजे होडीच जड झाली आहे किंवा पाणी तिला धरून ठेवतंय. पंख्याच्या आतला रबरी बुश सुटला असता किंवा पंखा हवा ओढत असता, तर आरपीएम उलट चढले असते.

होडी ट्रेलरवर घेतली आणि खाली आडवा झालो. वरून स्वच्छ दिसणाऱ्या तळाला मागच्या बाजूला शेवाळाचा बुळबुळीत थर होता. त्यात बारीक, खरखरीत कवचं चिकटलेली, हात फिरवला तर सालटं निघेल अशी. फ्लोअरची झाकणी उघडून आतल्या फोमचा तुकडा कापला. मुठीत दाबला तर बोटांमधून पाणी गळायला लागलं. हे ओझं मी किती दिवस वाहत होतो कोण जाणे.

तळ घासला. ओला फोम काढून तेवढाच नवा भरला. तो नुसता काढून टाकायचा नाही, होडीत पाणी शिरलं तर तोच तिला तरंगत ठेवतो. आता ५२०० आरपीएम, २१ नॉट.

मग ११ पिचचा पंखा लावून पाहिला. पिच एक इंच कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. माझे ५४०० झाले. वेग तेवढाच, २१ च्या जरा वर, पण होडी उठते किती लवकर! चार माणसं बसली तरी आता प्लेनवर येते.

उरलेल्या तीन नॉटचा हिशेबही लागलाय. मधल्या वर्षांत मी दुसरी बॅटरी, मोठा आइसबॉक्स आणि लाकडी बाक चढवला आहे. आइसबॉक्स ठेवणार. बाक पुढच्या रविवारी उतरवतोय.