डब्यावरची तारीख बरोबर होती

बाळाच्या वडिलांना मीच घरी पिटाळलं होतं. "दूध करायचं सगळं सामान घेऊन या. पावडरीचा डबा, चमचा, बाटली, थर्मास. आणि काहीही धुऊ नका."

बाळ आमच्याच एसएनसीयूतून, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातून घरी गेलेलं. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, वजन दीड किलोच्या आत. जाताना आईचं दूध वाटी-चमच्याने छान घेत होतं. परत आलं ते अंग गार पडून, पोट फुगून, मध्येच श्वास थांबत. पोटात नळी घातली तर हिरवट पाणी आलं. डॉक्टरांनी तोंडाने सगळं बंद केलं, रक्तात कुठला जंतू वाढतो ते बघायला ते कल्चरला पाठवलं, अँटिबायोटिक लावलं. संशय होता एनईसीचा. कमी दिवसांच्या बाळांची आतडी यात सुजतात, कधी सडतात. वरच्या दुधावरच्या बाळांमध्ये हे जास्त दिसतं.

आजी पुन्हापुन्हा सांगत होत्या, "सिस्टर, गाई-म्हशीचं नाही हो दिलं. चांगल्या कंपनीचं आणलं, तारीख बघून."

तारीख खरंच बरोबर होती. झाकण काढलं तर चमचा पावडरीत रुतलेला, त्याच्या दांड्याभोवती ओलीने खडे झालेले. झाकणाच्या कडेला आतून पिवळा, चिकट थर. डब्याची जागा ओट्यावर, गॅसशेजारी, कुकरची वाफ लागेल अशी. आणि रात्रीचं सगळं दूध एकदमच करून थर्मासमध्ये. सुनेची झोप मोडू नये म्हणून आजींनी काढलेली युक्ती. त्यांच्यावर रागवायचं तरी कशाला?

सीलबंद डबा म्हणजे निर्जंतुक, असं भलेभले शिकलेलेही धरून चालतात. तसं नसतं. कारखान्यात दूध तापवून, गरम हवेत फवारून त्याची पावडर करतात, पण काही घटक नंतर कोरडेच मिसळले जातात. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू अशा कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने तग धरतो. २००१ मध्ये अमेरिकेत टेनेसीच्या एका नवजात आयसीयूत याच जंतूने मेंदूज्वर होऊन एक बाळ दगावलं, आणि माग पावडरीपर्यंत गेला. २०२२ मध्ये तिथेच मिशिगनमधला एक मोठा कारखाना याच कारणावरून बंद ठेवावा लागला. धडधाकट मूल बहुधा निभावून नेतं. आमच्या कमी दिवसांच्या बाळांच्या पोटात आम्ल कमी, आतड्याचं अस्तर कच्चं, प्रतिकारशक्ती जेमतेम.

"पाणी उकळत होतो की," वडील म्हणाले. उकळून, कोमट करून, मग पावडर. बरेच डबेही तेच सांगतात. पण कोमट पाण्यात जंतू मरत नाही, वाढतो. आणि थर्मास त्याला रात्रभर उबेत ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितलंय की पाणी ७० अंशांच्या खाली जाण्याआधी पावडर घाला, दूध लगेच गार करून पाजा, दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्या.

कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा दुसराच जंतू वाढला. तो डब्यातून आला, थर्मासमधून, कुणाच्या हातातून की आमच्याच वॉर्डातून, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नव्हतं. उघडलेला डबा तपासून कंपनीवर काही शाबीत होत नाही, आणि आमची लॅब अन्न तपासतही नाही. बॅच नंबर तेवढा मी रजिस्टरात लिहून ठेवला.

माझं लक्ष खरं तर बाळाच्या आईकडे होतं. डबा घरात आलाच का? "दूध पुरत नाही असं वाटलं," ती म्हणाली. दूध पाजणारी दाई मिळणार नव्हती. मिल्क बँकही आमच्याकडे नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये ती सुरू केली, दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून देतात. आमच्या जिल्ह्याला असल्या सोयी कधी मिळतात कोण जाणे. मग तिला दर दोन-तीन तासांनी हाताने दूध काढायला बसवलं. पहिल्यांदा वाटीचा तळही ओला होईना. आजी पाठ चोळत शेजारी बसायच्या.

पोट उतरल्यावर नळीतून एकेक मिली सुरू केलं, सगळं आईचं. घरी जाताना तिने विचारलं, "पुरतंय का हे मला कळणार कसं?"

"दिवसातून सहा-आठ वेळा शू, आणि काट्यावरचं वजन," मी म्हटलं आणि मंगळवारी वजनाला बोलावलं.