नंबर पाठवता, साल विचारता

‘गिटारचा नंबर पाठवलाय. साल सांगा. आणि सगळं ओरिजिनल आहे ना, तेवढं बघा.’

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांच्या घरी कपाटावर एखादी जुनी इलेक्ट्रिक गिटार पडून आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांनी मला हे कधी ना कधी विचारलंय. मी उलट विचारतो, नेक (तारांखालचा लांब दांडा) शेवटची कधी उघडली होती? पिकगार्डखालचा, म्हणजे पुढच्या पट्टीखालचा, फोटो आहे का? पावसाळ्यात गिटार कुठे असते? मग समोरचा वैतागतो. नंबर दिलाय ना, मग झालं. एका गृहस्थानं तर असंही पसरवलं, की मी आधी खोड काढून भाव पाडतो आणि मागाहून स्वतःच विकत घेतो. मी गिटारी विकत घेत नाही. दुरुस्त करतो आणि त्याचे पैसे घेतो. आता एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या माणसाला हेच पाठवीन.

नंबराचं आधी उरकू. पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून १९७६ पर्यंत फेंडर या अमेरिकन कंपनीच्या गिटारीचा नंबर असतो तो मागच्या बाजूला, नेक धरून ठेवणाऱ्या धातूच्या प्लेटवर. कारखान्यात या प्लेटा डब्यात पडलेल्या असत, हाताला लागेल ती लावली जाई. त्यामुळे लहान नंबराची गिटार मोठ्या नंबरवालीच्या नंतरची निघू शकते. शिवाय प्लेट स्क्रूंवर बसते आणि स्क्रूड्रायव्हर घरोघरी आहे. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनं तर साठच्या दशकात तेच तेच नंबर वेगवेगळ्या वर्षी पुन्हा मारले. त्यांच्या पिकअपवरचं, म्हणजे तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकाच्या डबीवरचं, १९६२ च्या सुमाराचं लेबल बघा. ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ हे जुनं लेबल जाऊन पेटंटचा आकडा आला, पण तो आकडा पिकअपच्या पेटंटचा नव्हताच, तारा अडकवायच्या टेलपीसचा होता! कारखानाच असं करतो, तिथे मी सोफ्यावर आडव्या टाकलेल्या गिटारीच्या फोटोवरून काय सांगू? जपानच्या आयबानेझचं १९७५ नंतरची दहाएक वर्षं सोपं आहे. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, पुढचे दोन आकडे सालाचे. पण आपल्याकडे बोटीवरच्या माणसांनी आणलेल्या जपानी गिटारी बहुतेक टेइस्को, गुयाटोन अशा साठच्या दशकातल्या. एकच गिटार दुकानदार मागेल त्या चार नावांनी विकली गेलेली. तिथे नंबर सोडा आणि पिकअपचा, स्विचचा घाट बघा.

नंबरापेक्षा पॉट बरे. आवाज आणि टोन फिरवायच्या बटणांखाली ज्या डब्या असतात, त्यांच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. १३७ नं सुरुवात असली तर सीटीएस कंपनी, ३०४ असेल तर स्टॅकपोल, आणि त्यापुढे साल आणि आठवडा. १३७६६२९ म्हणजे सीटीएस, १९६६, एकोणतिसावा आठवडा. हे वाचताना मला अजूनही मजा वाटते, कबूल करतो. पण फेंडरनं १९६६ मध्ये पॉटचा इतका साठा करून ठेवला, की पुढची दोन-तीन वर्षं बनलेल्या गिटारींतही ६६ चेच पॉट निघतात. म्हणजे कळतं ते एवढंच, की ही गिटार त्या आठवड्याच्या आधीची नाही. तेही पॉट पहिल्यापासून तिथेच असतील तर.

आणि मग आपली हवा. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेलं वर्ष खारा वारा. व्हिडिओत सांगतात, गंज बघा, निकेलवरचे फोड बघा, वय कळेल. कॅलिफोर्नियात पेटीत ठेवलेल्या गिटारीचं कळत असेल. देवगडला समुद्रासमोरच्या घरात भिंतीवर टांगलेली अगदी अलीकडची गिटार माझ्याकडे आली होती. ब्रिजचा, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या भागाचा, स्क्रू फिरवायला गेलो तर त्याचं डोकं तुटून हातात आलं. नवे सुटे भाग मुद्दाम पावसाळाभर पडवीबाहेर ठेवून जुने म्हणून विकणारेही आहेत. त्यांना साठ वर्षं थांबावं लागत नाही, जून ते सप्टेंबर पुरतो.

डाखाचंही, म्हणजे वायरी जोडणाऱ्या सोल्डरचंही, तसंच. जाणकारांचा नियम असा, की कारखान्यातलं सोल्डर हललेलं नसावं. कोकणात वाजलेल्या गिटारीचा डाख हलला नाही, असं होणं कठीण. पॉट करकरतो, जॅक हिरवा पडतो, जत्रेच्या आदल्या दिवशी बाजारातला रेडिओवाला डाख लावून देतो आणि गिटार संध्याकाळी स्टेजवर जाते. इथे न हललेला डाख दिसला की आता मीच विचारतो, ही इतकी वर्षं होती कुठे? पूर्वी मी याच्या नेमकं उलट बोलायचो. हललेला डाख दिसला की ‘गेली’ म्हणायचो, पुढे बघायचोसुद्धा नाही. तो पूर्वीचा मी चुकत होता असं मी म्हणत नाही. बाजार आजही त्याच्याच बाजूनं आहे.

आता मालवणचं प्रकरण. तुम्ही ते अर्धंमुर्धं ऐकलेलं असणार, म्हणून पूर्ण सांगतो.

मालवणजवळच्या एका गावात एक निवृत्त मास्तर आहेत. वडील बोटीवर होते. त्यांनी साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून फेंडरची एक स्ट्रॅटोकास्टर आणली. रजेवर आले की वाजवायचे, बोट सोडल्यावर ऑर्केस्ट्रात वाजवू लागले. ते गेल्यावर पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं फोटो बघून मास्तरांना चांगला आकडा सांगितला. अट एकच होती. कोणी तरी ‘१९६६, ओरिजिनल’ असं लिहून द्यायचं. मास्तरांनी मला घरी बोलावलं. पडवीत चटईवर गिटार ठेवलेली.

सगळं जुळत चाललं होतं. प्लेटवर मोठा एफ, एकनं सुरू होणारा सहा आकडी नंबर. पिकगार्ड उघडलं. वायरी कापडी वेष्टणाच्या, पॉटवर १३७६६, पिकअपच्या तळाशी हातानं लिहिलेली तारीख. दोन ठिकाणी डाख मागाहूनचा होता, त्याचं मी वर सांगितलंच. ब्रिजच्या सॅडलवरची, म्हणजे तारा पेलणाऱ्या छोट्या तुकड्यांवरची, ‘फेंडर पॅट. पेंड.’ ही अक्षरं दिसत नव्हती, पण गंजाखालून बोटाला लागत होती. असा ऐवज आपल्या पट्ट्यात मी पाहिला नव्हता. मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते, त्यांना ते कळलं असणार.

नेक तेवढी खटकत होती. फोटोत ती जुन्या मॅपलचीच वाटे. हातात घेतल्यावर हलकी लागत होती, आणि हेडस्टॉकवरच्या, म्हणजे नेकच्या शेंड्यावरच्या, नावाचं वळण दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचं होतं. मी म्हटलं, नेक काढून बघतो. मास्तर म्हणाले, ‘कित्याक? नंबर गावलो मां?’

काढली. त्या काळातल्या फेंडर नेकच्या बुडाशी शाईचा शिक्का असतो. महिना, साल, आणि शेवटी एक अक्षर. ते अक्षर नटपाशी, म्हणजे शेंड्याकडे तारा जिथून सुटतात तिथे, नेक किती रुंद आहे ते सांगतं. बी म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच, नेहमीची. इथे शिक्का नव्हता. नेक वाकू नये म्हणून आत घालतात तो ट्रस रॉडही नव्हता. पॉलिश न लागलेलं बुडाचं लाकूड पिवळं होतं, आणि कोकणातल्या माणसाला फणसाचं लाकूड ओळखायला माझ्यासारखा जाणकार लागत नाही. त्या पिवळ्या लाकडावर सुतारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘१ इंच ५ सूत’.

आठ सुतांचा इंच. म्हणजे हा तोच बी. कोणी तरी अमेरिकेतली नेक मांडीवर घेऊन, पट्टी लावून मोजली होती आणि मग ही केली होती. फ्रेटच्या जागी पितळेच्या पट्ट्या होत्या, एकही वाकडी नाही.

मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हंजे माझो बापूस फसलो?’ मी म्हटलं, अजिबात नाही. बॉडी खरी, पिकअप खरे, आतलं सगळं खरं. नेक तेवढी मागाहून इथे केलेली आहे. त्यातलं शेवटचंच वाक्य त्यांच्या कानात शिरलं. ‘ती उघडूक तुका कोणी सांगल्यान?’

आवाज चढलेला ऐकून आतून काकी आल्या, मास्तरांच्या आई. त्यांनी चटईवरची सुटी नेक पाहिली आणि सहज म्हणाल्या, ‘हो दांडो सावंतवाडीच्या सुतारान केल्यान. पयलो मोडलो.’ जत्रेत गिटार स्टेजवरून खाली आली होती. सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्यांतला एक सुतार ओळखीचा होता, त्याच्याकडे मोडकी नेक नेली होती. मास्तर तेव्हा लहान. मी विचारलं, काकी, मग ती पहिली नेक कुठे आहे? तुकडे असले तरी चालतील. बुडाचा तुकडा मिळाला असता, त्यावर शिक्का असता, तर गोष्टच बदलली असती. काकी म्हणाल्या, ‘तो? तो मियाच भाणाखाली घातलंय. पावसात लाकडा ओली, ह्या सुका होता.’

फेंडरचं मॅपल, शिक्क्यासकट, आंघोळीचं पाणी तापवायला! मला हसू आलं. आवरलं नाही. मास्तर ते हसणं अजून विसरलेले नाहीत, आणि नेकपेक्षा त्यांचा राग त्या हसण्यावरच जास्त आहे असा मला संशय आहे. वडिलांनी ही गोष्ट मुलाला का सांगितली नाही, असं मी काकींना विचारलं. ‘त्यात सांगूचा काय?’

मग कागदाचा वाद. मास्तरांचं म्हणणं तितकंसं वेडं नव्हतं. ‘प्लेटवर नंबर असा, पॉटवर साल असा, तितक्याच लिही. खोटा नको लिहू. गप रव, इतक्याच.’ ज्यांनी ज्यांनी मला नंतर सुनावलं त्यांचंही हेच म्हणणं. न लिहिणं म्हणजे काय खोटं बोलणं का? गिऱ्हाइकानं नेक उघडून बघावी, त्याला कोणी अडवलंय? मी एका कागदावर ओळीनं भाग लिहिले. बॉडी, प्लेट, पिकअप, पॉट, सॅडल, प्रत्येकापुढे जे दिसलं ते. नेकपुढे लिहिलं, ‘फणस, सावंतवाडी’. पुण्याच्या गिऱ्हाइकानं तो वाचला आणि फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून मी ‘मास्तरांची गिटार मोडीत काढणारा’. नुसता रंग पुन्हा दिलेला असला तरी किंमत निम्म्यावर आली असं बाजारात धरतात, नेकचं तर बोलायलाच नको. हा हिशेब मी घातलेला नाही.

आता जे कोणाशी बोललो नाही ते. फेंडरची नेक त्या गिटारीवर होती फार तर पाच-सात वर्षं. फणसाची पन्नासच्या वर. मालवणात ज्यांनी ज्यांनी ती गिटार ऐकली, त्यातल्या बहुतेकांनी फणस ऐकला. मग तिची नेक कुठली? माझ्यातला तो जुना, डाख बघून ‘गेली’ म्हणणारा लगेच म्हणतो, उगाच भावुक होऊ नकोस. गिऱ्हाईक फेंडरचे पैसे मोजतंय, फणसाचे नाही. त्याला उत्तर नाही माझ्याकडे. तरीपण कागदावर मी ‘नेक बदललेली’ असं लिहिलं नाही. ‘सावंतवाडी’ लिहिलं. बाजाराला त्याचा उपयोग नाही, आणि मास्तरांना त्यात माझा चावटपणाच दिसला.

काही महिन्यांनी त्याच गिऱ्हाइकाचा मला फोन आला. अख्खी गिटार नको होती. पिकअप, पॉट, वायरिंग, प्लेट, सॅडल एवढं सुटं हवं होतं. आणि सुट्यांचा मिळून जो आकडा तो सांगत होता, तो लहान नव्हता. हे कशासाठी ते मला विचारू नका, तुम्हालाही कळतंय. कुठे तरी एक बॉडी आणि एक शिक्क्याची नेक आतल्या सामानाची वाट बघत असणार. जोडणी झाली की तिच्यावरचा एकूण एक आकडा जुळेल. मग तुमच्यातलाच कोणी तरी ती घेईल आणि मला नंबर पाठवेल. मी उघडीन, कापडी वायर बघीन, १३७६६ वाचीन, तळाची तारीख बघीन. नव्या डाखाला जुना दाखवायला काय काय करतात ते मला ठाऊक आहे, पण नीट केलेला असेल तर मी पकडीनच असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. म्हणून मी साल सांगतो ते भागाचं, गिटारीचं सांगत नाही. यावर चिडायचं असेल तर चिडा.

निरोप मी मास्तरांना दिला. गिटार त्यांची, दडवणारा मी कोण? ते बरंच बोलले. तेव्हा गप बस म्हटलं तर लिहिलंस, आणि आता सुटी करायला सांगतोस, असं. मी सांगत नव्हतो, निरोप देत होतो, पण असो. शेवटी विचारलं, ‘सगळा काढल्यार बॉडी नी दांडो उरतलो. तेचे किती येतले?’

बॉडीचे येतील, म्हटलं. दांड्याचे काही नाही.

‘मगे बघूया,’ म्हणाले. अजून बघतायत. आणि हे वाचून ज्यांना मास्तरांचा फोन नंबर मागावासा वाटतोय, त्यांना इथेच सांगतो, तो मी देणार नाही.