पडद्याआडचा खोका

रविवारी जेवणं आटोपून जरा आडवं व्हावं, तर भाचा दोन स्पीकर काखोटीला मारून दारात हजर. एक त्याचा, एक मित्राचा. "मामा, झोपू नकोस. यातला चांगला कुठला ते सांग."

लाव काहीतरी, म्हटलं. त्यानं लावलं काहीच नाही. बॅगेतून बोटाएवढा माईक काढला, तिवईवर बसवला, लॅपटॉप उघडला आणि 'हूऽऽऊऽऽईऽऽ' असा एक सूर खालून वर सरकत हॉलभर फिरला. शेजारचं कुत्रं भुंकलं. स्क्रीनवर एक रेघ उमटली, कुठला सूर किती मोठा वाजला ते दाखवणारी. मग दुसऱ्या स्पीकरची दुसरी.

"हा बघ, सपाट. आणि याला शंभर हर्ट्झपाशी, म्हणजे खालच्या सुरांत, टेंगूळ."

टेंगूळवाला मला बघताक्षणीच आवडला होता. सागवानी रंग, गोलसर कडा, पुढे काळी जाळी. सपाटवाला म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा ठोकळा. पण हे बोलायची सोय नव्हती. कारण भाच्याचं दैवत स्पीकरवर संशोधन करणारे फ्लॉइड टूल. आमच्या मिरजेकडे उस्तादांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात; टूलचं नाव घेताना याचा हात तेवढा पाळीला जायचाच बाकी असतो.

टूलसाहेब ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये होते. त्यांनी केलं एवढंच, की स्पीकर पडद्याआड ठेवले, सगळ्यांच्या आवाजाची पातळी एकसारखी करून घेतली आणि माणसांना बसवून गुण द्यायला सांगितलं. तेच स्पीकर मग प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत नेऊन समोरून, बाजूनं, सगळीकडून मोजले. १९८५-८६ मध्ये ते निबंध छापून आले. ज्यांची रेघ समोरून सपाट आणि बाजूनंही सुरळीत, त्यांनाच लोकांनी गुण दिले होते. पुढे टूल स्पीकर बनवणाऱ्या हर्मन कंपनीत गेले. तिथे शॉन ऑलिव्ह या संशोधकासोबत काम वाढलं. पडद्यामागे काही सेकंदांत एक स्पीकर हटवून त्याच जागी दुसरा आणणारं यंत्र बसवलं. एकेका स्पीकरची दर दहा अंशांवर, आडवी आणि उभी मिळून ७० मोजमापं घेऊ लागले. २००४ मध्ये तर ऑलिव्हनी नुसत्या मोजमापांवरून लोकांची पसंती सांगणारं गणितच मांडलं, आणि त्यात तीसेक टक्के वजन एकट्या बेसला!

मला यातला १९९४ चा प्रयोग फार आवडतो, आणि थोडा टोचतोही. हर्मनच्याच चाळीस कर्मचाऱ्यांना तेच चार स्पीकर एकदा पडद्याआड ऐकवले, एकदा डोळ्यांसमोर. डोळ्यांसमोर आल्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले. छोट्या, स्वस्त संचाचे घसरले. कान तेच, गाणी तीच. धंदाच ज्यांचा स्पीकरचा, त्यांची ही गत.

टोचतो अशासाठी, की आपली आवड म्हणून काही खास असते, या समजुतीवर तर आपण जगतो. पुण्यात प्रत्येकाला स्वतःचा कान असतो. सवाईच्या मंडपात मागच्या रांगेत वडापाव खाणारा माणूससुद्धा "तबला जरा पुढे आलाय" असं साउंडवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणतो. त्या सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं तर बहुतेक एकाच खोक्याकडे बोट दाखवतील, हे मान्य करायचं म्हणजे फारच झालं.

आमच्या घरी दोन स्पीकरवाला डेक आला तेव्हा आईनं त्यावर क्रोशाचे रुमाल घातले होते. वरून नुसते नाहीत, पुढे जाळीवर झालर येईल असे. बाबा चिडायचे, आवाज दबतो म्हणून. त्याच सुमाराला जगातल्या मोठमोठ्या स्टुडिओंमध्ये यामाहाच्या एनएस-१० नावाच्या पांढऱ्या शंकूच्या स्पीकरवर इंजिनियर लोक टिश्यू पेपर चिकटवत होते, वरचे सूर फार टोचतात म्हणून! १९७८ साली तो घरांसाठी काढला, घरात कुणी विचारला नाही, आणि स्टुडिओत मात्र जाऊन बसला. आईला हे कळलं असतं तर बाबांना तिनं सुखानं जेवू दिलं नसतं.

मी स्पीकर जोखतो तो तंबोऱ्यावर. गाणं नाही, ताना नाहीत, नुसता तंबोरा. भाच्याला हे पटत नाही. त्याच्या मते दोष पकडायला 'पिंक नॉइज' उत्तम. म्हणजे धबधब्याखाली उभं राहिल्यासारखी खरखर. असेल. पण मला ती पाच मिनिटं ऐकवत नाही आणि तंबोरा तासभर ऐकवतो.

लहानपणी काकांबरोबर सतारमेकरांच्या गल्लीत जायचो. दुकानात वर टांगलेले भोपळे, खाली लाकडाचा भुसा, रोगणाचा वास. एक म्हातारे कारागीर मांडी घालून घोडीवर कानस फिरवायचे. एक हात फिरवायचा, तार छेडायची, ऐकायचं. पुन्हा अर्धा हात. समोर एक गवई बसलेले, बेळगावकडचे. ते म्हणाले, "जरा गोल हवी." म्हाताऱ्यांनी मान हलवली, अजून दोनदा कानस फिरवली, तारेखाली दोरा सरकवला आणि एकदम ती तार बोलायला लागली. आधी नुसतं 'टंग' होतं, आता त्यातून वर वर काहीतरी उमलत राहिलं. काका पुटपुटले, "सुटली जवारी." मला वाटलं काहीतरी निसटलं, म्हणून मी खाली वाकून बघितलं. जवारी म्हणजे तारेतून उमलणारा तो झंकार.

त्या दुकानात आलेख नव्हता, आणि नको होता. गवयागणिक जवारी वेगळी. कुणाला उघडी, कुणाला गोल. तिथे आवडीला पूर्ण मुभा. पण एकदा ती जवारी लागली, रेकॉर्ड झाली, की माझ्या हॉलमधल्या खोक्यानं तिच्यावर स्वतःची कानस चालवायची नाही. टूलही वेगळ्या शब्दांत हेच सांगतात, आणि इथे भाच्याचं आणि माझं जमतं. त्या टेंगूळवाल्यावर तंबोरा लावला तर खर्ज दरवेळी पोट पुढे काढून यायचा. काळी एकला लावलेला खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास. त्याच्याच दुपटी-तिपटीतले सूर बोलत असतात, आणि मूळ सूर छोट्या स्पीकरला झेपला नाही तरी त्यांवरून कान तो आपणच जुळवून घेतो. टेंगूळ नेमकं तिथे लुडबूड करतं. शिवाय आमच्या दहा फुटी हॉलचं स्वतःचं एक घुमणं ५६ हर्ट्झला. खुर्ची हातभर मागे घेतली की बेस बदलतो. खालच्या सुरांत स्पीकरपेक्षा भिंतींचीच सत्ता, हेही टूलसाहेबच सांगून बसलेत.

शेवटी चादर बांधली. दोन खुर्च्यांना, भाच्याच्या हट्टानं. आवाज मोजून सारखे केले, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमी चांगलाच वाटतो. आणि एका वेळी एकच स्पीकर. "जोडीनं ऐकलं की दोष झाकले जातात, मामा. एकटा वाजला की उघडे पडतात." स्वयंपाकघरातून बायकोनं "बरोबर आहे त्याचं" असं न विचारता सांगितलं. तिनं चहा गाळता गाळताच निवडला तो ठोकळा. मी काय निवडलं ते भाच्याच्या वहीत आहे आणि ती वही तो घेऊन गेला.

जाण्याआधी त्यानं तो 'हूऽऽईऽऽ' परत एकदा लावला. सूर वर वर गेला, बारीक झाला, संपला. मी चहा उचलला. भाचा म्हणाला, "मामा, अजून चालू आहे."

टूलच्या प्रयोगांत एक गोष्ट आणखी निघाली होती. ज्यांचं ऐकणं थोडं जरी कमी झालेलं, त्यांच्या गुणांना धरबंद नव्हता. तोच स्पीकर, आज एक गुण, उद्या दुसरे. बाबांच्या कानांचा आलेख मी पाहिलेला आहे. डॉक्टरांकडचा आलेख ८००० हर्ट्झला संपतो, बाबांची रेघ त्याच्या बरीच आधी खाली वळली होती. त्या काळात ते ट्रेबलचं बटण पूर्ण फिरवून ठेवायचे आणि आम्ही त्यांच्या मागून जाऊन ते खाली करायचो.

भाच्यानं विचारलंय, यातला कुठला घेऊ. मी म्हटलं, माझ्यावर विसंबू नकोस, मामीला विचार. मी आधी या बुधवारी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येतो.