काकूंचा डीपी

काल रात्री काकूंनी डीपी बदलला. फोटो मी काढलेलाच आहे, तोच डायनिंग टेबल, तीच मोरपंखी साडी, खिडकीतून डावीकडून येणारा तोच उजेड, फक्त चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी. कुठल्यातरी ब्युटी अ‍ॅपमधून घालून काढलाय. कपाळावरची आठी गायब, आणि रंग तर उकडलेल्या बटाट्यासारखा. मंडळाच्या ग्रुपवर ‘काकू कित्ती गोड’ची रांग लागलेली, मीही अंगठा टाकला आणि मग झोपच उडाली.

राग नेमका कशाचा आलाय तेच कळत नाहीये. न विचारता बदलला म्हणून? विचारतं कोण. लोगो कापला म्हणून? तो तर सगळेच कापतात.

तो फोटो काढायला जीव लावला होता ना मी. काकूंच्या मागे पांढरीफटक भिंत, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळंच मधल्या करड्यावर आणायला बघतो, त्यामुळे अशा भिंतीपुढे सावळा चेहरा आणखी काळवंडतो, आणि चेहराच फ्रेम भरून असला की उलट उगाच उजळ करून ठेवतो. म्हणून भिंतीवर त्यांचीच चॉकलेटी शाल टांगली, तेवढ्याच जागेचा उजेड मोजणारा स्पॉट मीटर गालावर धरला, रिफ्लेक्टर इंच इंच सरकवत बसले. सावळ्या चेहऱ्यावर नुसता उजेड ओतून भागत नाही, त्याची चमक कुठे बसते ते शोधावं लागतं. ती काकूंच्या गालाच्या हाडावर बरोब्बर बसली होती. आणि अ‍ॅपने पहिली तीच पुसली.

इथे न्यू जर्सीत आल्यावर क्लासमध्ये शर्ली कार्डबद्दल पहिल्यांदा ऐकलं. कोडॅक लॅबना एका गोऱ्या बाईचा फोटो पाठवायचं, तिची कातडी नीट आली की रंग बरोबर. १९७० च्या दशकात चॉकलेट आणि फर्निचर कंपन्यांनी तक्रारी केल्या तेव्हा कुठे तपकिरी छटांकडे नीट लक्ष गेलं, म्हणजे माणसांच्या आधी कपाटांची सोय झाली! मला आईच्या लग्नाचा अल्बम आठवला, आई एकतर फ्लॅशने करडी पडलेली नाहीतर शालूच्या पदरात बुडालेली. नंतर लायब्ररीत कृष्णवर्णीय अमेरिकन फोटोग्राफर कॅरी मे वीम्स यांची १९९० ची किचन टेबल मालिका बघितली, त्या स्वतःच टेबलाशी बसल्यात, वर लटकणारा एक दिवा, बास. उभ्या उभ्याच बघत राहिले. आपण हेच करायचं, हे तिथेच पक्कं झालं.

कराडला मी नुसती काळी होते, इथे येऊन वुमन ऑफ कलर, म्हणजे गोरी नसलेली बाई, झाले आणि पाठोपाठ मिशनही मिळालं, वेबसाइटवर पहिल्याच ओळीत. पण काकूंनी कुठे मागितलं होतं ते?

आणि फोटो काढताना काकू काय सांगत होत्या, तर त्यांच्या पाहण्याच्या वेळचं. स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून त्यांना प्रिंटमध्ये चांगली दोन शेड गोरी केली होती, त्या फोटोवर पुढची बोलणी झाली. प्रत्यक्ष बघितल्यावर सासूबाई काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. काकू मात्र खो खो हसत सांगत होत्या आणि हसू ओसरता ओसरता मी क्लिक केलं, तीच ही फ्रेम. मला वाटलं ते सगळं मागे पडलंय म्हणून हसतायत. आता वाटतंय, मी कोण ठरवणार? त्या पेन्सिलवाल्यालाही काकू कशा दिसायला हव्यात ते माहीत होतं, आणि मलाही माहीत आहे, फरक एवढाच की मी क्लास केलाय.

ताईच्या वेळी पण... जाऊ दे.

हा म्हणाला, चेहरा त्यांचा आहे, त्यांना हवा तसा ठेवू दे. बरोबर आहे त्याचं आणि म्हणूनच जास्त चिडचिड झाली. पण मग ती चमक कुणासाठी शोधायची, माझ्या पोर्टफोलिओसाठी? बहुतेक हो. थोडी तरी. उगाच थोर कशाला व्हायचं, मला सावळे चेहरे बघायला आवडतात, तासन्‌तास आवडतात, एवढंही पुरेसं असेल कदाचित कॅमेरा उचलायला.

सकाळी काकूंच्या नणंदेचा मेसेज. ‘वहिनींच्या डीपीसारखा डिट्टो फोटो हवाय, रेट काय?’ चहा सांडेपर्यंत हसले. रेट पाठवला, खाली लिहिलं, खिडकीजवळ बसवून काढेन, आहे तसा देईन, नंतर अ‍ॅपमध्ये काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. त्यांना काही प्रॉब्लेम नाहीये. मंडळाच्या मेंबरना डिस्काउंट आहे का, एवढंच विचारतायत.