आमची वाटचाल : बाहेरचा रंग न घातलेलं आगळ

रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, आमचं सगळं वर्ष एप्रिल-मे ठरवतात. फळ भरात येतं तोवर मिरगाचे ढग डोक्यावर असतात आणि पाऊस चार दिवस आधी उतरला की वाळत घातलेली सोलं (फळाच्या साली) बुरशी धरतात. वडिलांनी हा उद्योग सोलांवर उभा केला, मी आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) आणि सरबत आणलं. पुढची कितीतरी वर्षं सुरळीत गेली.

मग बाजारात ती लालभडक बाटली आली. साखर, लिंबूसत्त्व आणि बाहेरून घातलेला रंग. किंमत आमच्या जवळपास निम्मी. दुकानदार आमची बाटली उजेडात धरून विचारायचे, "तुमचं तपकिरी का पडतं?" पडणारच! कोकमाचा रंग म्हणजे अँथोसायनिन. आंबटात तो लाल राहतो, पण ऊन, उष्णता आणि हवा लागली की उतरतो. खरा माल कपाटात मागे गेला, उधारी बुडाली, बँकेचे हप्ते थकले. पल्पर (गर काढायचं यंत्र) विकायला काढला होता, गिऱ्हाईकही ठरलं होतं.

तेव्हा आम्हाला धरून ठेवलं ते मालवणच्या एका खानावळीच्या काकींनी. सोलकढीला आगळ घेणार तर आमचंच, आणि पैसे रोख. त्यांनी आगाऊ रक्कम दिली नसती तर त्या मे महिन्यात फळ घ्यायलाही आमच्याकडे पैसे नसते.

मी स्टीलची टाकी घेतली, कारण कोकमातलं आम्ल लोखंडाला खातं. रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि आंबटपणा मोजणारा पीएच मीटर घेतला. तो पीएच मीटर आजही मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. त्याचा इलेक्ट्रोड (रसात बुडवायची कांडी) कोरडा पडला की संपला. नमुने प्रयोगशाळेत पाठवले. लुईस आणि नीलकांतन यांनी 1965 मध्ये कोकमाच्याच गार्सिनिया प्रजातीतल्या मलबारी चिंचेचं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक असल्याचं दाखवलं होतं. कोकमाचंही मुख्य आम्ल तेच. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक. जिभेला दोन्ही आंबट, यंत्राला वेगवेगळी. आमच्या नमुन्यांचा अहवाल हातात घेऊन मी दुकानं पालथी घातली. घरी ताडून बघायचं असेल तर चमचाभर आगळात पाणी घालून खाण्याचा सोडा टाका. खऱ्याचा लाल रंग जांभळट-निळसर होतो, बाहेरून घातलेला लाल सहसा बदलत नाही.

एका व्यापाऱ्याला बाटलीवर 'चरबी घटते' छापून हवं होतं. हेच आम्ल असलेल्या मलबारी चिंचेच्या अर्काची 135 जणांवर 12 आठवडे झालेली चाचणी 1998 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात वजनावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. मी छापलं नाही. मोठी ऑर्डर गेली.

नवीन लागवड करणाऱ्यांनी बियांची रोपं लावू नयेत. नर की मादी हे कळायला सहा-सात वर्षं जातात, आणि नराला फळ नाही. मादी झाडाची मृदुकाष्ठ (कोवळ्या खोडावर बांधलेली) कलमं घ्या, मधूनमधून एखादं नर कलम ठेवा. बियाही फेकू नका, मुठेलाला (बियांच्या घट्ट तेलाला) मागणी आहे. पावसाळ्याआधी त्या कडकडीत वाळवा.

ती लाल बाटली अजून विकली जाते. पण ज्यांनी आमचा माल परत धाडला, तेच दुकानदार आता मार्चपासून फोन करतात. त्यांना सांगतो, आधी काकींचे कॅन भरतील, मग तुमचे.