कराचीचा पुसट ठसा

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी हे पाकीट मिळालं, एकशे वीस रुपयांना. विकणाऱ्याने ते एक अडकित्ता आणि बंद पडलेली दोन घड्याळं यांच्या मध्ये ठेवलं होतं. पुढे पाचव्या जॉर्जची तिकिटं, डाव्या कोपऱ्यात एअर मेलची निळी चिठ्ठी, पत्ता पूना कॅम्पातला. लंडनचा ठसा १३ जुलै १९३४. पाकीट उलटं केलं आणि घासाघीस करायचं विसरून गेलो. मागे कराचीचा ठसा होता, तारखेचा आकडा पुसट झालेला, आणि त्याला खेटून पूना, २१ जुलै.

मी बत्तीस वर्षं आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेतून टपाल नेणाऱ्या खात्यात काढली. रात्रीच्या गाडीत, हलत्या डब्यात उभं राहून खणांत पत्रं टाकायची. त्यामुळे पाकीट हातात आलं की आधी मागची बाजू बघतो. ते कुठून कुठून आलं हे तिथे कळतं. लंडन ते पुणे आठ दिवस! बोटीने नुसती मुंबई गाठायलाच दोन आठवड्यांहून जास्त लागायचे.

हे आठ दिवस काही एका विमानाचे नव्हेत. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची टपाल तेव्हा पॅरिसहून रेल्वेने इटलीच्या टोकाला जायची, मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडायची. कैरोपासून कराचीपर्यंतचा वाळवंटाचा टप्पा मात्र हँडली पेज एचपी-४२ या विमानांकडे होता, आणि माझा जीव जडलाय तो त्यांच्यावर.

एकूण आठ बांधली. हॅनिबल, होर्सा, हॅनो, हेड्रियन ही चार पूर्वेकडच्या मार्गासाठी. हेराक्लिस, होरेशियस, हेंगिस्ट, हेलेना ही युरोपसाठी. पहिलं, हॅनिबल, १४ नोव्हेंबर १९३० ला उडालं आणि जून १९३१ मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनहून पॅरिसला प्रवासी घेऊन जाऊ लागलं. फोटो बघितलात तर आधी पंखच दिसतील. एकावर एक दोन पंख, वरचा जवळजवळ ४० मीटर लांब, मधे तिरप्या दांड्यांची जाळी, शेपटीलाही दोन मजले. चार ज्युपिटर इंजिनं, दोन वर, दोन खाली. वेग ताशी साधारण १६० किलोमीटर. हे इतकं संथ, की समोरचा वारा याला कारखान्यातूनच बसवून येतो, असं विमान बांधणारे फोकर म्हणाल्याचं सांगतात. मला ते कधीच पटलं नाही. इतका पंख होता म्हणूनच तर ते सावकाश, थोड्या जागेत उतरू शकायचं, आणि वाळवंटात उतरायला धावपट्टी कुठली? सपाट माती, एक वाऱ्याची पिशवी, पेट्रोलचा साठा. इराककडे जाताना वैमानिकांना वाट चुकू नये म्हणून शेकडो किलोमीटर वाळवंटात नांगराने चर ओढून ठेवला होता. तो वरून बघत जायचं.

आतल्या मांडणीकडे मी टपालवाल्याच्या नजरेने बघतो. पंख्यांच्या पात्यांचा आवाज सगळ्यात जास्त विमानाच्या मध्यभागी. म्हणून प्रवासी पुढे आणि मागे अशा दोन खोल्यांत बसवले, आणि मधल्या गोंगाटाच्या जागेत सामान, टपालाच्या थैल्या. युरोपच्या विमानांत ३८ माणसं बसायची. पूर्वेकडच्या विमानांत सुरुवातीला फक्त १८, कारण थैल्यांना जागा हवी होती. माणसांपेक्षा टपालाला जागा राखून ठेवणारं विमान! आमच्या खात्यातल्या माणसाला याचा अभिमान वाटायचाच.

कैरोहून निघाल्यावर गाझा, वाळवंटातला रुतबाचा किल्ला, बगदाद, बसरा, मग आखाताच्या काठाने बहारीन, शारजा, ग्वादर आणि कराची. शारजात तर प्रवाशांच्या मुक्कामासाठी किल्ल्यासारखी इमारतच बांधली होती. तिथून हजारेक किलोमीटर पुढे कराची, आणि कराचीपासून आपली माणसं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन आपलं छोटं पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला उतरवलं. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. ती टपाल इंपीरियलनेच कराचीला आणलेली.

आता माझ्या पाकिटावरचा महिना बघा. जुलै. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, म्हणून टाटांची मंडळी विमानं आणि मेकॅनिकसकट पुण्याला मुक्काम हलवायची आणि येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानावर उतरायची. म्हणजे माझं पाकीट मुंबईला न जाता थेट येरवड्याला उतरलं असणार. मागे मुंबईचा ठसा नाही, तो त्यामुळेच. मी राहतो विश्रांतवाडीला. रोज ज्या रस्त्याने भाजी आणतो, त्याच्या आसपास कुठेतरी ती थैली विमानातून खाली काढली गेली असेल. हे लक्षात आलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

या विमानांना अपघात झाले. ऑगस्ट १९३१ मध्ये हॅनिबलचं इंजिन बिघडून ते केंट परगण्यात शेतात उतरवावं लागलं, मोडतोड झाली, प्रवासी सुखरूप. हेंगिस्ट १९३७ मध्ये कराचीच्या हँगरमध्ये जळालं. पण शांततेच्या काळात या आठांपैकी एकाही विमानात एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही. हेराक्लिस तर सोळा लाख किलोमीटरहून जास्त उडालं. त्या काळातल्या विमानप्रवासाच्या बातम्या चाळल्या की हे केवढं मोठं काम आहे ते कळतं. सावकाश गेली, पण माणसं पोचवली.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि थोड्याच काळात सगळं संपलं. नोव्हेंबर १९३९ मध्ये होरेशियस इंग्लंडमधल्या एका गोल्फच्या मैदानावर कोसळलं. मार्च १९४० मध्ये ब्रिस्टलला उभी असलेली हेराक्लिस आणि हॅनो वादळाने मोडली. होर्सा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जळालं, हेड्रियनला डिसेंबरच्या वादळाने उलथवलं. सगळ्यात जुनं हॅनिबल १ मार्च १९४० ला ओमानच्या आखातावर नाहीसं झालं. आत आठ माणसं होती. मद्रासचे माजी मंत्री सर ए. टी. पन्नीरसेल्वम त्यांत होते, लंडनला भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून रुजू व्हायला निघालेले. ना विमान सापडलं, ना माणसं.

आठांपैकी एकही विमान आज कुठल्या संग्रहालयात उभं नाही. माझ्याकडे जे आहे ते हे पाकीट, जाड प्लॅस्टिकच्या जाकिटात, कपाटाच्या वरच्या खणात.

तुमच्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत जुनी पत्रं असतील तर एवढं करा. तिकीट कापून किंवा वाफेवर धरून काढू नका. आधी पाकीट उलटं करा आणि १९३२ ते ३९ मधला कराचीचा ठसा दिसला तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून मला पाठवा. पुसट असला तरी चालेल, पुसट ठसे वाचायची मला सवय आहे.