बार्शी लाईटचं छोटं स्टेशन, 1:87: रूळ बसले, आता इमारत

मंडळी, बार्शी लाईट या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या माझ्या स्टेशन-मॉडेलचं अपडेट बरेच दिवस राहिलं होतं. रूळ टाकून झालेत, प्लॅटफॉर्म अर्धा झालाय आणि गोडाऊनवर पत्रे चढलेत.

नवीन लोकांसाठी सांगतो, 1:87 म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान, आणि हे कुठल्या एका स्टेशनची हुबेहूब कॉपी नाहीये, बार्शी-लातूर पट्ट्यातलं असावं असं एक स्टेशन धरलंय, मेन लाईन, एक लूप (गाडी बाजूला घ्यायचा दुसरा रूळ) आणि मालडबे उभे करायची सायडिंग, बस्स. इंजिनांचे फोटो ढिगाने मिळतात हो, पण ज्या आडगावच्या स्टेशनात ते इंजिन पाणी पीत उभं राहायचं तिकडे कॅमेरा वळवलाय कुणी? ब्रॉडगेज आलं तसे नॅरोगेजचे रूळ उखडले गेले, धाराशिव लाईनवर यावं म्हणून मार्गही बदलला, त्यात जुन्या रस्त्यावरची स्टेशनं मागेच राहिली. म्हणून माझ्या लेआउटवर (मॉडेलच्या मांडणीत) हिरो स्टेशन, गाडी पाहुणी.

आता रुळांबद्दल. ही लाईन उभारणारा इंजिनिअर कॅल्थ्रॉप, त्याची सगळी हुशारी इथेच आहे. 1897 मध्ये कुर्डुवाडी (तेव्हाचं बार्शी रोड) ते बार्शी लाईन सुरू केली तेव्हा गेज अडीच फूट, रूळ दर यार्ड (तीन फूट) लांबीला फक्त 30 पौंड वजनाचे, आणि इंजिन असो की डबा, एका आसावर 5 टनांच्या वर वजन नाही. वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं की हलक्या रुळावरूनही भरपूर माल जातो, आणि बार्शी म्हणजे कापसाची पेठ, माल तर होताच. पुढे 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. वारीच्या गर्दीत तर मालडब्यातूनही वारकरी नेले जायचे.

मॉडेलमध्ये 762 मिमी (अडीच फूट) गेजला 87 ने भागलं की 8.76 येतं, म्हणजे एन गेज या लहान मॉडेल-मापाचा तयार मिळणारा 9 मिमीचा ट्रॅक चालतो. पण तो आहे तसा टाकला की सगळी मजा जाते, स्लीपर फार जवळजवळ आणि रूळ जाडजूड. कोड म्हणजे रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागात, तर कोड 80 चा रूळ म्हणजे खऱ्यात जवळपास 18 सेंमी उंच, 30 पौंडी रूळ त्याच्या निम्माही नसायचा! म्हणून कोड 55 घेतला, स्लीपरमधले प्लास्टिकचे दुवे कापून अंतर वाढवलं आणि वरून चहाच्या गाळणीने चाळलेला मुरूम टाकला, पार स्लीपर अर्धे बुडेपर्यंत. खडी टाकू नका, मुरूमच शोभतो.

पत्रे पार्सलच्या ॲल्युमिनियम डब्यांचे. संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने रेघा ओढल्या, गंजाला पातळ केलेला गेरू. खिळ्यांच्या ओळीखाली गेरू जरा जास्त ओघळू द्यायचा, बाकी स्वच्छ ठेवलं तरी चालतं.

काळ 1954 नंतरचा धरलाय, म्हणजे कंपनी सरकारजमा झाल्यावरचा, त्यामुळे जी क्लास 2-8-2 (पुढे 2, मध्ये 8, मागे 2 चाकं) वाफेचं इंजिन बिनधास्त आणता येईल. ते इंजिन कधी होईल देव जाणे. आधी तिकीट खिडकी आणि नावाची पाटी. गावाचं नाव काल्पनिकच ठेवणार, सुचवा काहीतरी, पण "वाडी" नको, कुर्डुवाडी शेजारीच आहे.